ओढ्याचे पाणी शुद्ध आहे, मग दगडाखालचे जीव कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावात सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावरून, उतरणारा एक पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा, आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जेसीबी लावून त्याच्या सुमारे अर्ध्या किलोमीटरचे खोलीकरण व रुंदीकरण झाले, पात्रातले मोठे धोंडे उचलून काठावर रचले गेले आणि काठावरची झाडे गेली. प्रश्नकर्त्यांनी पाणी तपासून घेतले, सामू (पीएच) ७.१, विद्राव्य ऑक्सिजन लिटरला ७.६ मिलिग्रॅम, बाकी सारे मर्यादेत. तरीही पूर्वी दगड उलटल्यावर दिसणारे चपटे किडे, वाळूच्या नळीत राहणाऱ्या अळ्या आणि खेकडे आता दिसत नाहीत. साचलेल्या पाण्यात डास आणि गोगलगायी मात्र वाढल्या आहेत. असे का झाले, ते जीव परत येतील का, डासांसाठी गप्पी मासे सोडावेत का, आणि सड्यावरची नोव्हेंबरात आटणारी डबकी खोदून बारमाही करावीत का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिली गोष्ट अशी की प्रयोगशाळेचा अहवाल आणि आपल्या डोळ्यांना दिसलेले, यांत विरोध काहीच नाही. बाटलीत भरलेले पाणी हे त्या क्षणाचे पाणी असते. ते सकाळी अकरा वाजता भरले असेल तर अकरा वाजताचे. दगडाखालचा किडा मात्र तिथे कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने राहून आलेला असतो. मधल्या काळात एखाद्या संध्याकाळी पात्रातून विष वाहून गेले असेल, तर दुसऱ्या दिवशीचे पाणी पुन्हा निर्मळ होते, पण मेलेला किडा दुसऱ्या दिवशी उगवत नाही. शिवाय, पाणी वर्षभर निर्मळ राहिले तरी राहायला जागाच उरली नसेल, तर जीव टिकणार कुठे? आपण दिलेल्या वर्णनावरून माझे मत असे आहे की आपल्या पऱ्ह्याचे मुख्य दुखणे पाण्यात नसून तळात आहे. मात्र एक दुसरा संशयही आहे, आणि तो फेडल्याशिवाय निदान पक्के म्हणता येणार नाही.

तळ म्हणजे काय, हे एका दगडावरून पाहू. खळाळत्या पाण्यातला, पुस्तकाएवढा, कडा घासून गोल झालेला एक दगड सावकाश उचला आणि उलटा करा. पहिल्या क्षणी काही दिसत नाही. मग दगडाच्याच रंगाची एक चकती सरकते: डोके रुंद, अंग कागदासारखे दबलेले, पाय खेकड्यासारखे बाजूंना पसरलेले, मागे शेपटीचे लांब धागे. ती उजेड चुकवत लगेच खालच्या बाजूला पळते. हे मेफ्लायचे पिल्लू. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले हलताना दिसतात. दगडाच्या सांदीत मातकट जाळ्याचा एक फुगवटा असतो, तोंड प्रवाहाकडे केलेला. त्यामागे एक अळी दबा धरून बसलेली असते. ही जाळे विणणारी कॅडिसफ्लाय. वाहून येणारे कण जाळ्यात अडकले की ती ते खाते. शेजारी वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी असते आणि तिच्या तोंडातून सहा पाय बाहेर येतात. एखादी तपकिरी टिकली दगडाला इतकी घट्ट चिकटलेली असते की नखाने उचलावी लागते. तीही एका भुंग्याची अळी असते. या सगळ्यांचे शरीर एकाच गोष्टीसाठी घडलेले आहे: वेगाने धावणाऱ्या पाण्यात वाहून न जाता, त्याच पाण्यातून प्राणवायू आणि अन्न मिळवणे. त्यासाठी त्यांना दगड लागतो, आणि दगडापेक्षाही जास्त, दगडांमधली फट लागते.

ती फट वरवरची नसते. गोट्यांच्या खाली गोटे, त्यांच्या खाली खडी, आणि त्या साऱ्यांतून झिरपणारे ओढ्याचेच पाणी, असा एक थर पात्राखाली हातभर किंवा त्याहूनही खोल असतो. रुमानियाचे ट्रायान ओर्घिदान यांनी १९५९ मध्ये या थराला ‘हायपोरिक’ हे नाव दिले. कोकणातल्या ओढ्यांना तर हा थर म्हणजे तळघरच आहे. जुलैच्या पुरात वरचे दगड गडगडू लागले की बारीक जीव खाली शिरतात, आणि मार्चमध्ये पाणी आटू लागले की ओलीच्या मागे मागे खाली उतरतात. जेसीबीचा बकेट हेच तळघर उपसतो. त्यानंतर उघड्या पडलेल्या काठांची माती पहिल्याच पावसात पात्रात येते आणि उरलेल्या फटी लिंपून टाकते. आता आपल्या पात्रातला एक दगड उचलून पाहा. तो सहज सुटतो की चिखलातून ‘चप्’ असा आवाज करत निघतो? अर्धा दगड गाळात रुतलेला असेल, तर त्याखाली मेफ्लाय सापडण्याची अपेक्षा करू नका. तिच्याऐवजी तिचे एक लहान भावंड, केनिडी कुलातले, सापडू शकेल. त्याच्या मागच्या नाजूक कल्ल्यांवर झाकणासारखी एक जोडी असते, त्यामुळे गाळात त्याचा श्वास कोंडत नाही. खोदलेल्या पात्रात नेमके हेच एकटे दिसले, तर गाळाचा पुरावा म्हणून मला तेवढे पुरेसे आहे.

झाडे गेल्याचा परिणाम याहून सावकाश होतो, पण खोल जातो. अरुंद, सावलीतल्या ओढ्यात स्वतःचे शेवाळ फारसे पिकत नाही. तिथली चूल काठावरून पडणाऱ्या पानांवर चालते. पान पाण्यात पडले की त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, ते मऊ होते, आणि मग ते कुरतडणारे येतात. समशीतोष्ण देशांतल्या ओढ्यांत हे काम मुख्यतः कीटक करतात. आपल्याकडे त्यातला मोठा वाटा खेकडे आणि गोड्या पाण्यातले झिंगे उचलतात, असे उष्ण प्रदेशांतल्या ओढ्यांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. त्यांनी केलेला चुरा पुढे वाहतो आणि जाळेवाल्यांच्या जाळ्यात अडकतो. डोंगरातल्या ओढ्यापासून मोठ्या नदीपर्यंत ही अन्नाची साखळी कशी बदलत जाते, याची मांडणी १९८० मध्ये रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाले तरी उगमाजवळच्या ओढ्याला काठाची झाडे पोसतात हा मुद्दा टिकून आहे. सावली गेली की उलटे होते: ऊन पडते, पाणी तापते, हिरवे लांब शेवाळ वाढते, आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी वाढतात. आपण पाहिलेली वाढ हीच आहे.

याच ठिकाणी ऑक्सिजनच्या आकड्याविषयी सांगितले पाहिजे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. शिवाय शेवाळाने भरलेल्या साचलेल्या पाण्यात तो दिवसा वाढतो आणि रात्री उतरतो, कारण रात्री शेवाळही श्वासासाठी तो वापरते. दिवसा मोजलेला ७.६ हा आकडा वाचून समाधान मानण्यात अर्थ नाही. पहाटे पाच वाजता, उजाडण्यापूर्वी, त्याच जागी पुन्हा मोजा. मेफ्लायचा जीव त्या आकड्यावर अवलंबून असतो.

आता दुसरा संशय. कोकणात आंब्याच्या मोहोरावरील तुडतुड्यांसाठी साधारण डिसेंबरपासून फवारणी सुरू होते आणि त्यात कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली औषधे असतात. ही औषधे माणसाला तुलनेने कमी घातक, पण पाण्यातल्या कीटकांना, झिंग्यांना आणि खेकड्यांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात. दुर्दैवाने फवारणीचा हंगाम आणि ओढ्याला पाणी कमी होण्याचा हंगाम एकच. फवारणीचा पंप ओढ्यावर नेऊन धुतला, की पाण्याच्या त्या बारीक धारेत औषध विरळ व्हायला वावच मिळत नाही. काही ठिकाणी याच जातीची औषधे मासे मारण्यासाठी मुद्दाम पाण्यात ओततात. पूर्वी त्या कामाला गेळाची फळे ठेचून टाकत. पायरेथ्रॉइड पाण्यात फार काळ राहत नाही, ते गाळाला आणि पाचोळ्याला चिकटते, आणि पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत कीटकनाशके सहसा मोजलीही जात नाहीत. तेव्हा अहवाल ‘मर्यादेत’ येणार हे ठरलेलेच.

या दोन संशयांतला खरा कोणता, हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. जेसीबी जिथून सुरू झाला त्या जागेच्या वर, म्हणजे प्रवाहाच्या उगमाच्या बाजूला, शंभर-दोनशे पावले चढून जा आणि न खोदलेल्या पात्रातले दगड उलटून पाहा. तिथे मेफ्लाय, नळीवाल्या अळ्या, खेकडे असतील आणि खालच्या खोदलेल्या भागात नसतील, तर दोष खोदकामाचा. वरसुद्धा सारे सामसूम असेल, तर कोणीतरी आणखी वर काहीतरी ओतते आहे, असे समजून चला. दुसरी खूण अशी की पायरेथ्रॉइडने कीटक, खेकडे आणि झिंगे मरतात, पण गोगलगायी आणि गांडुळासारखे कृमी बऱ्यापैकी तगतात. गोगलगायी भरपूर आणि सहा किंवा अधिक पायांचा एकही रहिवासी नाही, असे चित्र दिसले की मी आधी आंब्याच्या बागा कुठे आहेत ते विचारतो. आपल्याकडे दोन्ही चिन्हे थोडी थोडी आहेत, म्हणूनच वरच्या भागाची पाहणी टाळू नका.

पाहणी केव्हा करायची, हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका ओढ्यावर मी मार्चअखेर गेलो, तुटक डबक्यांत जाळी फिरवली, आणि ओढा जवळजवळ मृत असल्याचे टिपण लिहून मोकळा झालो. पुढच्या नोव्हेंबरात दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो, तर पहिल्याच दगडावर चार प्रकारचे जीव. ओढा मेला नव्हता. मी त्याच्या उन्हाळ्यातल्या निजेच्या वेळी जाऊन त्याची नाडी पाहत होतो. कोकणातल्या हंगामी ओढ्याची तुलना नेहमी त्याच्याच त्याच महिन्याशी करावी. पूर ओसरून पात्र स्थिर झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात, एकदा आणि जानेवारीत एकदा पाहणी केली तर फवारणीच्या आधीची व नंतरची अशी दोन्ही चित्रे मिळतात.

पद्धत साधी ठेवा, पण दर वेळी तीच ठेवा. तीन जागा निश्चित करा: खोदकामाच्या वर, खोदलेल्या भागात आणि त्याच्या खाली. प्रत्येक जागी खळाळातच काम करा, डोहात नको. दोन काठ्यांना ताणून बांधलेले मच्छरदाणीचे कापड प्रवाहाला आडवे धरा, त्याच्या वरच्या बाजूला तीन मिनिटे पायाने तळ ढवळा आणि हाताने दगड चोळा. सुटलेले जीव वाहत कापडात येतात. शास्त्रीय जाळीची वीण साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. मच्छरदाणीची त्याहून मोठी असल्याने अगदी लहान पिल्ले निसटतील, पण आपल्या कामाला ती चालते. काही जण जुनी ओढणी वापरतात; तिची वीण फार बारीक असते, ती गाळाने लगेच तुंबते आणि पाणी बाजूने वळते, म्हणून ती नको. सापडलेले सारे पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाण्यात सोडा. दोन मिनिटे काहीही न करता नुसते बघा, मग पाचोळा चालू लागतो. चिमट्याने उचलू नका, कल्ले तुटतात. मऊ कुंचला आणि प्लॅस्टिकचा चमचा पुरे. मोजून झाले की जीव आणि दगड आपापल्या जागी, दगड आधी होता त्याच बाजूने परत ठेवा.

जातीपर्यंत ओळख पटवण्याचा हट्ट धरू नका. पश्चिम घाटातल्या अनेक पिल्लांची ती तज्ज्ञांनाही पटवता येत नाही. कुलापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या मोठ्या गटापर्यंत, किंवा नुसत्या ‘प्रकारां’पर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ. भिंगातून पायाच्या टोकाला पाहा: एकच नखी आणि पोटाच्या बाजूंना कल्ले असतील तर मेफ्लाय, दोन नख्या आणि शेपटीचे दोनच धागे असतील तर स्टोनफ्लाय. चतुराचे पिल्लू आखूड व दांडगे असते आणि त्याच्या तोंडाखाली घडी घातलेला एक हात असतो, जो भक्ष्यावर झपकन सुटतो. टाचणीचे पिल्लू काडीसारखे आणि मागे तीन पात्यांचे. लाल वळवळणारी अळी दिसली तर ती न चावणाऱ्या चिलटांची, आणि तिचा लाल रंग आपल्या रक्तात असते त्याच हिमोग्लोबिनचा. प्राणवायू अगदी कमी असलेल्या चिखलातही ती त्यावर तग धरते. एखाद-दुसरी सापडणे काहीच सांगत नाही. ट्रेमध्ये तीच ती असेल, तर सांडपाणी शोधा.

यापुढे गुण देण्याची वेळ येते, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. ब्रिटनमध्ये पुढे कुलांना १ ते १० गुण देणारी ‘बीएमडब्ल्यूपी’ पद्धत आली, ज्यात चपट्या मेफ्लायला १०, चिलटांच्या अळीला २ आणि कृमींना १ गुण मिळतो. तिच्याच धर्तीवर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतासाठी जैविक निकष तयार केले. त्यांत गुणांची सरासरी आणि विविधता अशी दोन मापे एकत्र पाहून पाण्याचे स्वच्छ ते अतिप्रदूषित असे पाच वर्ग करतात, आणि सरासरी ७ किंवा अधिक असेल तर पाणी स्वच्छ वर्गात जाते. हे निकष उपयोगी आहेत. पण इंटरनेटवरून ब्रिटिश तक्ता उतरवून तो जसाच्या तसा लावणाऱ्यांचे निष्कर्ष मी वाचले आहेत, आणि ते हमखास चुकतात. स्टोनफ्लाय हा मुळात थंड पाण्याचा गट; द्वीपकल्पीय भारतात त्याचे मोजकेच प्रकार आहेत, मुख्यतः पर्लिडी कुलातले. आपल्या सड्याखालच्या उबदार पऱ्ह्यात तो नाही म्हणून ओढा आजारी ठरत नाही. आपला मापदंड म्हणजे आपल्याच ओढ्याचा न खोदलेला वरचा भाग.

तोच मापदंड डबक्याला आणि भातखाचराला लावू नये, हेही सांगून ठेवतो, कारण ही चूक वारंवार होते. साचलेल्या पाण्यात मेफ्लायचे बरेचसे प्रकार नसणारच. तिथले रहिवासी निराळे: पाण्यावर पाय न बुडवता धावणाऱ्या निवळ्या, पंखाखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारणारे भुंगे, पाठीवर उलटे पोहणारे ढेकूण, आणि ज्यांच्यात नर पाठीवर अंडी वाहतो ते चपटे पाणढेकूण. श्वासासाठी हवेशी संबंध ठेवण्याची सोय असलेले हे जीव घाणीचे निदर्शक नव्हेत. ते फक्त स्थिर पाण्याचे आहेत.

आता, जीव परत येतील का? कीटक येतील, आणि वर जिवंत पात्र असेल तर अपेक्षेपेक्षा लवकर येतील. त्यांच्या वाटा चार. पहिली प्रवाहाची: दिवस मावळल्यावर असंख्य पिल्ले दगड सोडून काही अंतर वाहत जातात, आणि रिकाम्या जागी स्थिरावतात. दुसरी खालून वर चढण्याची. ती संथ आहे. तिसरी तळघरातून वर येण्याची, जी आपल्याकडे उपसली गेली. आणि चौथी हवेतून: पंख फुटलेल्या माद्या उडत येऊन अंडी घालतात, आणि पुष्कळदा प्रवाहाच्या वरच्या दिशेला उडतात, ज्यामुळे वाहून गेलेल्यांची भरपाई होते. मेफ्लायच्या प्रौढाला चालते तोंडच नसते, त्याचे आयुष्य तासांचे, फार तर काही दिवसांचे. तेवढ्यात त्याला जोडीदार, योग्य वेगाचे पाणी आणि काठावर विसाव्याला पाने मिळावी लागतात. काठ उघडा असेल तर ही वाटही अरुंद होते.

ज्यांना पंख नाहीत त्यांचे तसे नाही. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून तरंगणारी अळी निघत नाही. मादी पोटाखालच्या झडपेत अंडी आणि मग पिल्लेही सांभाळते, आणि ती तिथून थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर पडतात. त्यामुळे एका ओढ्याचे खेकडे दुसऱ्या ओढ्यात सहजी जात नाहीत, आणि म्हणूनच सह्याद्रीत दर थोड्या अंतरावर निराळ्या जाती सापडतात; ‘घाटियाना’ ही अख्खी प्रजाती शास्त्राला २०१४ मध्ये कळली. शिंपल्यांचे आणखी अवघड: त्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, म्हणजे मासे नसतील तर शिंपलेही नाहीत. खेकड्यांना आपल्या पऱ्ह्यात परतायला काही पावसाळे लागतील असे धरून चाला, आणि तोवर पहिल्या पावसात बत्त्या घेऊन होणारी खेकडेधर त्या अर्ध्या किलोमीटरात थांबवता आली तर थांबवा. निदान पोटाखाली पिल्ले असलेली मादी तरी परत सोडा.

करायचे काय, तर काठावर रचलेले धोंडे पात्रात परत टाका. ओळीत नको, एकाच मापाचे नको. मोठे-लहान, आडवेतिडवे, जिथे तळ फार सपाट झाला आहे तिथे. मांडणी पावसाळा स्वतः करून घेतो. मेमध्ये टाकलेत तर सप्टेंबरापर्यंत खळाळ कुठे आणि डोह कुठे हे त्याने ठरवलेले असेल. काठावर दगडी पिचिंग किंवा सिमेंट करण्याचा प्रस्ताव आला तर त्याला विरोध करा. पात्राच्या कडेला शेरणी लावा. तिची मुळे पुरात टिकतात आणि काठ धरून ठेवतात. तिच्या मागे करंज, जांभूळ, उंबर. हिवाळ्यात वनराई बंधारे घालणार असाल तर गोणी मेपूर्वी काढून न्या आणि खाली थोडी धार सुटती ठेवा. बंधाऱ्याखालचा कोरडा पडलेला शंभर पावलांचा टप्पा म्हणजे तेवढा ओढा त्या वर्षापुरता मेलेला. आणि बागाईतदारांना एवढेच पटवा की पंप ओढ्यावर धुवायचा नाही. पाणी बादलीने बागेत न्यायचे, पंप तिथेच धुवायचा आणि धुवण झाडांच्या आळ्यात नव्हे तर ओढ्यापासून दूरच्या कोरड्या जमिनीवर सोडायचे. याला पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात याहून जास्त फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

गप्पी मासे पऱ्ह्यात सोडू नका. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. बंद टाकीत किंवा हौदात आरोग्य खाते सोडते तिथे त्यांचा उपयोग आहे, पण वाहत्या ओढ्यात ते डासांच्या अळ्यांबरोबर बाकीची पिल्लेही खातात आणि पुन्हा काढता येत नाहीत. आपल्याकडे डास वाढले याचे कारण असे की नव्याने तयार झालेल्या साचलेल्या पाण्यात सर्वांत आधी डास पोहोचतात, आणि त्यांना खाणारे चतुर, पाणढेकूण, भुंगे मागाहून येतात. खोदलेल्या पात्रातली तुटक डबकी एका चराने जोडून पाणी हलते ठेवलेत, तर डासांचा प्रश्न बराचसा तिथेच सुटेल. गोगलगायींकडे मात्र गुरांच्या दृष्टीने लक्ष ठेवा, कारण काही जाती गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींच्या वाहक असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये माणसांतल्या शिस्टोसोमा या, गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमींच्या रोगाची नोंद झाली होती, आणि त्या वेळी संशय फेरिसिया नावाच्या नखाएवढ्याही नसलेल्या गोगलगायीवर गेला होता. घाबरण्याचे कारण नाही, तो रोग तिथे आता नाही. पण ओढ्यातले बारीकसारीक जीव कोण आहेत हे माहीत असणे ही केवळ हौस नव्हे, एवढे त्यावरून कळते.

राहिला सडा. तिथली डबकी खोल करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नोव्हेंबरात आटतात हा त्यांचा दोष नसून तीच त्यांची राखण आहे, कारण आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसल्यामुळेच तिथे परीकोळंबी जगते. ही बोटाच्या पेराएवढी, जवळजवळ पारदर्शक, पाठ खाली आणि पानांसारखे पाय वर करून उलटी पोहणारी जीवजात काही आठवड्यांत वाढते, अंडी घालते आणि पाण्याबरोबर संपते. अंडी मात्र वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. सह्याद्रीचे नाव घेतलेली ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ ही तिची जात २०१४ मध्येच वर्णिली गेली. पावसाबरोबर झुंडीने येणारा पिवळसर चतुर, जो पुढे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, तोही अशाच तात्पुरत्या पाण्यात वाढतो. आणि सड्याचा सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवून उतारावर झऱ्यांच्या रूपाने सोडतो, ते आपल्या पऱ्ह्याचे हिवाळ्यातले पाणी. जांभ्यात सुरुंग किंवा ब्रेकर लावून तळे खोदले तर तळे भरेलच असे नाही, झरे मात्र हलू शकतात.

ग्रामसभेत हे तोंडी सांगून पटणार नाही. एप्रिलमध्ये सड्यावरच्या एका कोरड्या डबक्यातली ओंजळभर माती कागदात बांधून ठेवा. पहिल्या पावसाचे पागोळीचे स्वच्छ पाणी धरा, पसरट पांढऱ्या भांड्यात ती माती घालून वर चार बोटे पाणी ओता, आणि भांडे उजेडात, पण भर उन्हात नव्हे, ठेवा. सारी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, काही पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेली असतात. तरी दोन-तीन दिवसांत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत पोहू लागण्याची चांगली शक्यता असते. भिंग देऊन सभेला दाखवा, जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत तारखेसह लिहून घ्या, आणि मग ते पाणी आणि माती जिथून आणली त्याच डबक्यात नेऊन ओता.